श्रद्धास्थान, तीन फूट बाय एक फूट

मला जिन्यात एक बाकडं ठेवायचं होतं. बस, एवढंच. मला पंथ काढायचा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता आसपास माझ्याबद्दल वाटेल ते बोललं जातं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे आता मी एकटाच, पण जिभेची सवय जात नाही. दुसरा मजला संपला की जिना वळतो, तिथे थोडी मोकळी जागा आहे. माझी बायको बाजारातून आली की तिथे पायरीवर बसायची, दोन बाजूंना दोन पिशव्या ठेवून. तिला दम लागायचा. येणारे-जाणारे तिला ओलांडून जायचे आणि ती प्रत्येकाला "सॉरी हं" म्हणायची. सात महिन्यांपूर्वी ती गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या वळणावर कडेकडेने चालायचो, पिशव्यांना पाय लागू नये म्हणून. मग एक दिवस ठरवलं, इथे बाकडं हवं. ज्याला दम लागेल त्याने बसावं.

सुताराला बोलावलं.

"पाठ लावू का, काका?" त्याने विचारलं.

"नको. पाठ असली की माणसं उठत नाहीत."

"हात टेकायला काही?"

"तेही नको. दम खायचा आणि वर जायचं."

"मग त्याला बाकडं कशाला म्हणता, फळी म्हणा," तो म्हणाला. पण काम छान केलं. तीन फूट लांब, एक फूट रुंद, कडा गोल केलेल्या. शेवटी म्हणाला, "पितळेची पट्टी मारून देतो. काय लिहायचं तेवढं कागदावर द्या." मी बायकोचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, ‘इथे बसा, दम खा.’ कागद टेबलावर ठेवला आणि चहा टाकायला आत गेलो. तेवढ्यात माझी मेहुणी आली.

मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते. आठवड्यातून एकदा माझं घर तपासायला येते. देवावर तिचा इतका विश्वास आहे की गॅस बंद केला का, हे सुद्धा ती त्याच्यावर सोडते. आणि मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची. काट्यावर येत नाही ते मी मानत नाही, हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोला ऐकवलं होतं आणि पुढची अडतीस वर्षं ऐकवत राहिलो.

मी चहा घेऊन बाहेर आलो तर मेहुणी कागद हातात धरून उभी.

"दम खा?" ती म्हणाली. "माझी ताई काय हमाल होती?"

"अगं, बसणाऱ्यासाठी आहे ते."

"तिने जन्मभर सकाळ-संध्याकाळ देवापुढे हात जोडले, भाऊजी. आणि पट्टीवर देवाचं नाव नाही? लिहा, ‘देवाच्या कुशीत विसावली.’"

"मी नाही लिहिणार. मला माहीत नसलेल्या गोष्टीवर मी सही करत नाही."

"सही कोण मागतंय? बाकडं आहे, दस्तऐवज नाही!"

हे सगळं दार उघडं ठेवून चाललं होतं. आणि आमच्या इमारतीत दार उघडं ठेवून बोलणं म्हणजे जाहीर सभाच. पहिल्या मजल्यावरचे मास्तर वर आले. मास्तरांनी शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर विवेक मंडळ काढलं. मंडळाचे दोन सभासद आहेत. एक मास्तर. दुसरा मी आहे असं ते सगळ्यांना सांगतात. मी कधी अर्ज भरलेला नाही.

"जिना सामायिक आहे," मास्तर दारातूनच म्हणाले. "सामायिक जागेत आज देवाची एक ओळ आली, की उद्या दिवा येतो आणि परवा घंटा."

"तुम्हाला कोणी विचारलं?" मेहुणी म्हणाली.

"बाई, मला फक्त पुरावा द्या. देव आहे याचा एक पुरावा द्या, मी स्वतः ती पट्टी ठोकतो."

"पुरावा? इतक्या पोरांचे तळतळाट घेऊन तुम्ही अजून ठणठणीत आहात, यापेक्षा मोठा पुरावा कुठला?"

मास्तर माझ्याकडे वळले. "तुम्ही बोला ना काहीतरी. तुम्ही आपल्यातले."

"ते आमच्यातले आहेत," मेहुणी म्हणाली. "माझ्या बहिणीचे नवरे आहेत ते."

माझा चहा गार झाला. दोन्ही बाजूंनी आपल्यावर हक्क सांगितला की माणसाला भाव येतो असं म्हणतात. मला तसं काही जाणवलं नाही.

शेवटी सेक्रेटरींनी सभा लावली. सेक्रेटरी शांत माणूस आहे. त्याला कुठलीही गोष्ट ठरू द्यायची नसते. दीड तास देव आहे की नाही यावर चर्चा झाली. मतदान घेतलं असतं तर तेही झालं असतं, पण गणपूर्ती नव्हती. मग सेक्रेटरींनी तोड काढली. "पट्टीचं नंतर बघू. आधी जिन्यात बाकडं ठेवायला अग्निशमन कार्यालयाचा ना हरकत दाखला आणा."

मी गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने माझा अर्ज वाचला आणि परत दिला.

"जिन्यात फर्निचर चालत नाही."

"तीन फुटांचं बाकडं आहे हो."

"आग लागली तर माणसं अडखळतील."

"आत्ता माणसं पायरीवर बसतात, त्यांना अडखळत नाहीत का?"

"माणसं फर्निचरमध्ये येत नाहीत," तो म्हणाला. मग त्याला माझी दया आली असावी. कोणासाठी आहे, त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने इकडे-तिकडे पाहिलं आणि एक फॉर्म सरकवला. "यात दोन रकाने आहेत, काका. ‘फर्निचर’ला खूण केलीत तर आजच नकार. ‘श्रद्धास्थान’ला केलीत तर आम्ही हात लावत नाही. फक्त एकदा पाहणी होते."

मी फॉर्म हातात घेऊन बाहेरच्या खांबाला टेकून उभा राहिलो. एकतीस वर्षांत मी एकही खोटं वजन पास केलं नव्हतं. एका वाण्याने माझ्यापुढे डोळ्यांत पाणी आणलं होतं, तरी केलं नव्हतं. आणि त्या दिवशी मी खांबाला फॉर्म लावून ‘श्रद्धास्थान’पुढे खूण केली. ‘माप’ या रकान्यात लिहिलं, तीन फूट बाय एक फूट.

बाकडं दुसऱ्या दिवशी जागेवर आलं आणि माझं सुख तिथेच संपलं.

मेहुणीला कळलं तेव्हा तिने दोन्ही हात वर केले. "बघा! त्यानेच लिहून घेतलं तुमच्याकडून!" सेक्रेटरी आनंदाने सांगत सुटले की पाहणी कधीही होऊ शकते, तेव्हा त्यावर कोणीही बसायचं नाही. बसलं की ते फर्निचर. त्यांनी शेजारी पाटी लावली, ‘चपला येथे काढाव्यात.’ मेहुणीने वर स्वच्छ पांढरं कापड घातलं आणि फुलं ठेवली. आठवड्याभरात त्या वळणावर इतक्या चपला जमू लागल्या की जिन्याने जाणं अवघड झालं. बाकड्याला कोणीही अडखळलं नाही. चपलांना तिघं अडखळले.

मग आमच्या मजल्यावरची एक मुलगी परीक्षेला जाताना बाकड्याला हात लावून गेली आणि पास झाली. ती वर्षभर अभ्यास करत होती हे मी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि आपापली मुलं आणली. पार्सल पोचवणारा एक माणूस येता-जाता नमस्कार करू लागला. शेजारच्या इमारतीतली एक बाई येऊन मला म्हणाली, "तुमच्या मिसेसचा आत्मा फार मोठा होता हो." मी म्हटलं, "तिची फुप्फुसं लहान होती. म्हणून हे बाकडं." तिला ते आवडलं नाही.

सगळ्यात वाईट हे की मास्तरांचं बरोबर ठरलं होतं, आणि त्यांना ते माहीत होतं. ते मला आता नावाने हाक मारेनात. "काय भाविक, पेपर आणायला का?" असं विचारायचे. विवेक मंडळातून त्यांनी माझा राजीनामा परस्पर मंजूर केला.

एकदा दुपारी मी वर येत होतो. समोरच्या घरातल्या वहिनी वळणावर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात. चेहरा लाल, श्वास वर-खाली, आणि शेजारी रिकामं बाकडं.

"वहिनी, बसा ना."

"छे हो. पाप लागेल."

"अहो, ते बसण्यासाठीच आहे!"

"असू दे. तुम्हाला नाही कळायचं, तुमचा विश्वास नाही ना," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून कण्हत वर गेल्या.

मला असा संताप आला की मी फुलं उचलली, कापड बाजूला केलं आणि बसायला लागलो. पुरता टेकलोही नव्हतो, तेवढ्यात खालून सेक्रेटरी ओरडले, "काका, उठा! काय करताय? आपलं श्रद्धास्थान जाईल!" आणि मी उठलो. माझ्या बायकोसाठी मी केलेल्या बाकड्यावरून मला एका माणसाने शाळेतल्या पोरासारखं उठवलं, आणि मी उठलो. कापड पुन्हा नीट घातलं. फुलंसुद्धा ठेवली.

पाहणी पुढच्या सोमवारी झाली. सकाळपासून सगळे जिन्यात हजर. मेहुणी ताजी फुलं घेऊन आली होती. मास्तर एक पायरी खाली, हाताची घडी घालून उभे. ते आज खरं सांगून टाकणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. आणि मला त्यांना दोषही देता येत नव्हता.

साहेब आले. वजनाने भारी माणूस, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात टेप. दोन मजले चढून वळणावर पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बाकड्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे तहानलेला माणूस माठाकडे पाहतो तसं.

"इथे... कोणी... बसतं?"

"छे, छे! कोणाची टाप आहे?" सेक्रेटरी म्हणाले.

साहेबांनी कपाळ पुसलं. फाइल उघडली. "अर्जदार कोण?"

"मी."

"तुमची श्रद्धा आहे यावर?"

प्रश्न सोपा होता. ‘हो’ म्हटलं की बाकडं राहणार. ‘नाही’ म्हटलं की ते माळ्यावर जाणार, आणि वळणावर पुन्हा नुसती पायरी. मी तोंड उघडलं. ‘हो’ बाहेर येईना. फॉर्मवर खूण करणं वेगळं, तिच्या जागेवर उभं राहून बोलणं वेगळं.

"माझी आहे," मागून आवाज आला.

मास्तर. हात जोडलेले, डोळे मिटलेले. हात कसे जोडायचे याचा सराव नसल्यामुळे एक तळवा वर आणि एक खाली झाला होता.

"माझी पूर्ण श्रद्धा आहे, साहेब. रोज येतो मी. फार... फार प्रसन्न वाटतं."

मास्तर घामाघूम झाले होते. चाळीस वर्षांत हा माणूस खोटं बोलला नव्हता, आणि आज बोलत होता तो असा, की ऐकणाऱ्यालाच लाज वाटावी.

"खोटं आहे ते!" मेहुणी म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"मास्तरांची कशावरही श्रद्धा नाही, साहेब. आणि हे बाकडं देवाचं नाही. मला वाटायचं असावं. पण परवा वहिनी इथे धापा टाकत उभ्या होत्या म्हणे. माझी ताई अशीच इथे धापा टाकायची. आता तिच्या नावाने दुसऱ्या बाईला उभं ठेवायचं? हे देवाला कसं चालेल? त्याच्या नावावर मी खोटं नाही बोलणार. ते बाकडं आहे. लिहा, बाकडं."

"बाई, मी इथे काय करतोय ते तुम्हाला दिसत नाही का?" मास्तर दातओठ खात पुटपुटले.

"दिसतंय. हात नीट जोडा."

साहेबांनी फाइल मिटली. "अर्जदार, तुम्ही बोला. खोटी माहिती का दिलीत?"

मग मी बोललो. बोलायचं ठरवलं नव्हतं. म्हटलं, साहेब, आम्ही नवरा-बायको देवावरून घरात भांडायचो नाही, शेजारी ऐकतील म्हणून. बाजारातून येताना वाटेत भांडायचो. खाली दारापाशी ती माझं काही ऐकून घ्यायची नाही. पहिल्या मजल्यावर बरोबरी असायची. इथे वळणावर ती बसायची, तिला दम लागलेला असायचा, आणि मी माझे चांगले मुद्दे इथपर्यंत राखून ठेवायचो. तिला उत्तर देता यायचं नाही. मी जिंकून वर जायचो आणि कुलूप उघडायचो. एकदा ती म्हणाली, सोसायटीला सांगून इथे बाकडं ठेवून घ्या हो. मी म्हणालो, तुझ्या देवाला सांग, तो ठेवेल. ती हसली. परत कधी मागितलं नाही. म्हणून खूण केली, साहेब. मला हे बाकडं हवं होतं, कुठल्याही रकान्यात.

साहेबांनी खाली वाकून पांढरं कापड उचललं, घडी घातली, मेहुणीच्या हातात दिली, आणि धपकन बाकड्यावर बसले. सेक्रेटरींच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली.

साहेब बराच वेळ श्वास घेत बसले. मग म्हणाले, "फॉर्मची मागची बाजू वाचली होती?"

"मागची?"

"मागे छापलंय. भिंतीला पक्की केलेली, दुमडणारी बैठक असेल तर ते फर्निचर होत नाही. परवानगीच लागत नाही. दोन बिजागऱ्या आणि एक साखळी."

"हे तुमच्या कारकुनाने का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्याला विचारलं होतं?"

एकतीस वर्षं मी दुकानदारांना दरडावलं होतं, प्रमाणपत्र उलटून बघा, अटी मागे असतात. बायकोला हे कळलं असतं तर ती दम लागेपर्यंत हसली असती.

सुतार आला. त्याने बाकड्याचे पाय कापले, फळी बिजागऱ्यांवर बसवली. "मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, फळी म्हणा," एवढं तो बोललाच. पट्टीवर काय लिहायचं, त्याने पुन्हा विचारलं. मी मेहुणीकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. "नाव पुरे," ती म्हणाली. मास्तरांचं त्यावरही मत होतं, पण खोटं बोलल्यापासून त्यांचा आवाज जरा खाली आला आहे.

परवा मेहुणी आणि मी बाजारातून एकत्र आलो. वळणावर तिने फळी खाली पाडली आणि बसली. तिलाही आता दम लागतो, घराण्यात असावं. मी पिशव्या धरून उभा राहिलो.

"भाऊजी," श्वास जागेवर आल्यावर ती म्हणाली, "ताई आत्ता कुठे असेल?"

हाच प्रश्न तिने दवाखान्यातून परत येताना गाडीत विचारला होता. मी म्हणालो होतो, कुठेही नाही. नंतर दीड महिना ती माझ्याकडे आली नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी चेष्टा करतोय का ते बघत होती.

"नक्की?"

"नक्की काय? माहीत नाही म्हटलं ना. किती वेळा वदवून घेशील?"

"एकदा पुरे," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून एका बाजूला सरकली. "उभे काय राहिलात? तुम्हालाही धाप लागलीये."

मी पिशव्या खाली ठेवल्या आणि बसलो. खालून कोणीतरी चढत येत होतं. मला पाय आवरून घ्यावे लागले, आणि मी म्हणालो, "सॉरी हं."